काशीत पाच पावलं

आता ऐकाच तुम्ही. स्वतःची फजिती स्वतःहून सांगणारा माणूस या वयात विरळा. पण ही गोष्ट मी सांगितली नाही तर आमच्या सौभाग्यवती सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेली बरी. चहा घ्या, निवतोय.

माघात आम्ही उभयता वडिलांच्या पिंडदानासाठी गयेला निघालो. काशीला गाडी बदलायची होती आणि दोन गाड्यांच्या मधे मोजून पाच तास मिळत होते. केळझरजवळच्या आमच्या खेड्यात चाळीस वर्षं एकादशीचं भजन सांभाळणाऱ्या माणसाला काशीत पाच तास! मी महिनाभर आधी कागदावर बेत आखला: गंगास्नान, तांब्याच्या गडूत गंगाजल, विश्वनाथाचं दर्शन आणि परत स्टेशन. शिवाय संकल्प सोडला की काशीत पाय ठेवल्यापासून दर्शन होईपर्यंत मौन धरायचं. मुखातून निघणारा पहिला शब्द देवासमोर, त्याच्याच नावाचा.

खरं सांगू? यातली निम्मी भक्ती होती. उरलेली निम्मी गावी परतल्यावर भजनी मंडळात सांगण्यासाठी होती.

"तुम्ही नाई बोलान, त रिक्षेवाल्याशी कोन बोलन?" सौभाग्यवतींनी विचारलं. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. एवढ्यावरूनच त्यांना माझ्या मौनाचा कंटाळा आला.

स्नान यथासांग झालं. मंदिराजवळच्या प्रसादाच्या दुकानात पिशव्या ठेवल्या, आणि तेव्हा लक्षात आलं की गडू रिकामाच आहे. मनातल्या मनात चाललेल्या अभंगाच्या तंद्रीत गंगाजल भरायचंच राहून गेलं होतं. सौभाग्यवतींना तिथेच बसायची खूण केली आणि मी एकटा घाटाकडे वळलो. दहा मिनिटांचं काम.

गल्ली इतकी अरुंद, की समोरून गाय आली तर माणसानं भिंत व्हावं. तिथे समोरून अंत्ययात्रा आली.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मयत कोणाचीही असो, वाटेत तिरडी दिसली की चपला काढायच्या आणि पाच पावलं खांदा द्यायचा. वडिलांनी लहानपणीच अंगवळणी पाडलेली गोष्ट. बरोबर माणसंही थोडी दिसत होती. सगळी मिळून सहा-सात. मागच्या कोपऱ्याचा गृहस्थ धापा टाकत होता. मी पुढे झालो आणि खांदा लावला. गृहस्थानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्यासाठी गंगाच दारी आली. तो बाजूला झाला, भिंतीला टेकला आणि तिथेच राहिला.

पाच पावलं झाली. दहा झाली. पन्नास झाली. खांदा बदलायला कोणी येईना. हाक मारावी तर मौन, तिरडी सोडावी तर महापाप. त्यात बाकीचे तिघे उंच आणि मी हा असा. माझ्या कोपऱ्याला उतार लागला आणि दिवंगत महाशयांचा सगळा कल माझ्याकडे झाला. लोक रामाचं नाव घेत होते. मीही मनात घेत होतो. मात्र दर दोन नामांमागे एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे नजर जात होती. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो की देव माणसात पाहा. खांद्यावर माणूस होता, आणि मी बारा दहाची गाडी पाहत होतो.

अखेर मणिकर्णिकेवर तिरडी टेकवली. आता निसटावं म्हणून वळलो, तोच पन्नाशीतल्या एका गृहस्थानं माझे दोन्ही हात धरले. मयताचा मुलगा तो.

"आप बाबूजी के साथ के हैं?"

मान हलवून नाही म्हणायला हवं होतं. पण त्याचे डोळे पाहिले आणि मान हलेना. मी नुसते हात जोडून आकाशाकडे पाहिलं. देव जाणे, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं ते होकार समजून माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्याच दुखऱ्या खांद्यावर.

मग मला मानानं पुढे बसवण्यात आलं. बाबूजींच्या वयाचा दुसरा कोणी आलाच नव्हता. मुलगा म्हणाला की त्यांच्या सोबतीचे सगळे आधीच गेले, म्हणून वाटलं होतं आज त्यांच्या बाजूनं कोणीच नसेल. हे ऐकल्यावर कसा उठणार? तिकडे देव वाट पाहत होता, तिकडे सौभाग्यवती वाट पाहत होत्या, आणि खरं सांगायचं तर भीती मला देवाची वाटत नव्हती.

चितेला अग्नी दिला गेला. मीही एक काष्ठ वाहिलं. मुलगा शेजारी येऊन बसला. ज्वाळांकडे पाहत त्यानं हळूच विचारलं, "बाबूजी जवानी में कैसे थे?"

इथे मौन कामाचं नव्हतं. तो वाट पाहत होता. माझ्या तोंडून शब्द निघून गेले.

"बहुत हँसते थे."

त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी? हमने तो उन्हें कभी हँसते नहीं देखा." वाटलं, आता पकडला गेलो. पण तो चितेकडे वळला, आणि एकाएकी रडता रडता हसू लागला. "तो हँसते थे," असं दोनदा स्वतःशीच म्हणाला.

बघा आता. देवासाठी राखून ठेवलेला काशीतला माझा पहिला शब्द, आणि तो अशा कामी आला.

मयतीला जाऊन आल्यावर पुन्हा स्नान केल्याशिवाय देवळात कसं जायचं? स्नान केलं, गडू भरला, आणि घड्याळ पाहिलं तर फक्त स्टेशन गाठण्यापुरता वेळ उरला होता. दुकानाशी सौभाग्यवती पिशव्यांवर बसल्या होत्या. कपाळाला भस्म, मांडीवर प्रसाद. बाईंचं दर्शन झालं होतं.

"कोठी गेलते?"

"मयतीले."

"अवो, आपलं कोन हाय इथं?"

"कोनी नाई."

"मंग मेलं कोन?"

"थे इचारलंच नाई."

त्यांनी पिशव्या उचलून माझ्या हातात दिल्या. मग रिक्षात बसल्यावर मी सगळं सांगितलं, तेव्हा प्रसादाचा एक पेढा माझ्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्या नावानंही हात जोडले म्या." त्यापुढे स्टेशनपर्यंत मौन त्यांनी पाळलं.

गावी परतल्यावर रीतीप्रमाणे मावंदं घातलं. यात्रेनंतरचं जेवण, गंगेची पूजा, सगळं गाव पंगतीला. काशीला गेलं की आपली एखादी आवडती गोष्ट तिथे कायमची सोडून यायची असते. सौभाग्यवतींनी भरलं वांगं सोडलं होतं. भजनी मंडळातल्या एका बुवांनी पंगतीत सर्वांदेखत विचारलं की आमच्या महाराजांनी काय सोडलं. मी गंभीर चेहरा करून काही भारदस्त उत्तर जुळवत होतो.

वाढता वाढता सौभाग्यवती म्हणाल्या, "यायनं खरं बोलनं सोडलं."