बंद टॉकीजमधला आमचा ऑर्केस्ट्रा

आमच्या ऑर्केस्ट्रात एक गाणं बसवायला महिना लागतो. किस्से मात्र आपोआप बसतात! कार्यक्रमात केबल तुटली, स्पीकर कुरकुरला, की जोडाजोड होईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "अरे, त्या वेळचं सांग ना!" हल्ली तर मला संशय येतो, आमचे लोक केबल मुद्दाम तोडतात.

आम्ही चौघं, सगळे श्रीरामपूरचे. सायमनदादा कीबोर्डवर; लहानपणापासून चर्चच्या पेटीवर बोटं फिरलेला माणूस. बाळू ऑक्टोपॅड, म्हणजे विजेवरचा ढोल, बडवतो. संगीताताई गाते, दिवसा ती अंगणवाडीत शिकवते. आणि मी निवेदक. दिवसा एसटी स्टँडवर गाड्या पुकारतो, संध्याकाळी गाणी.

ही दोन कामं एकदा एकमेकांत घुसली. राहात्याला कार्यक्रम होता. दिवसभर स्टँडवर तुफान गर्दी, डोकं तापलेलं. तसाच स्टेजवर चढलो, माईक धरला आणि भरदार आवाजात म्हणालो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! संगीताताई फलाट क्रमांक दोनवर लागत आहेत!"

मग मागून एक आवाज आला, "सुटनार किती वाजता?"

ताईने माझ्या हातातला माईक काढून घेतला. "भरली की सुटंल!"

*

डीजे आले आणि लग्नांची कामं आटली. सरावाची खोलीही सुटली. तेव्हा गावातल्या बंद टॉकीजचा मालक म्हणाला, "खुर्च्या नुसत्या धूळ खातायत. तुम्ही तरी वाजवा तिथं."

पहिल्या दिवशी सामान घेऊन गेलो, तर दारात नामदेवबाबा. तिथले जुने डोअरकीपर. टॉकीज बंद होऊन वर्षं झाली, पण बाबा रोज संध्याकाळी स्टूल टाकून दारात बसतातच.

"तिकीट?"

"बाबा, आम्ही गाणारे आहोत," सायमनदादा म्हणाला.

"गानारे पडद्यावर असत्यात. दारातनं येनाऱ्याला तिकीट लागतं!"

शेवटी बाळूने वहीचं पान फाडून चार तिकिटं तयार केली. बाबांनी ती एकेक करून अर्धी फाडली, अर्धी परत दिली, खिशातली बॅटरी काढली आणि आम्हाला रीतसर जागेवर नेऊन बसवलं.

बाल्कनीत! वाजवायचं खाली पडद्यापुढे, आणि आम्ही वर!

*

शिर्डीच्या एका हॉटेलात शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळी आम्ही गातो. दर्शनाच्या रांगेत दमलेली माणसं, सगळ्यांची डोकी ताटात. टाळ्या वाजवायला कुणाचा हात मोकळा नसतो.

एकदा आंध्रातल्या एका आजींनी नातीकडून निरोप पाठवला, एक जुनं तेलुगू गाणं म्हणाल का? ताईने ते मोबाईलवर दोनदा ऐकलं, कागदी रुमालावर मराठीत लिहून घेतलं आणि बिनधास्त गायली.

गाणं संपलं. आजी उठून आल्या, ताईचे दोन्ही हात धरले आणि भरल्या डोळ्यांनी तेलुगूत बोलतच राहिल्या. ताई आपली मान हलवतेय! शेवटी नातीने हिंदीतून समजावलं. त्याचं मराठी असं: "आजी म्हणतेय, तुमचा एकही उच्चार बरोबर नव्हता. आजोबा अगदी असंच चुकीचं म्हणायचे. पुन्हा म्हणाल?"

ताईने पुन्हा म्हटलं. एकही चूक न सुधारता.

*

नेवाशाजवळ एका लग्नात वरातीला डीजे होता, आम्ही फक्त पंगतीपुरते. दुसरं गाणं सुरू झालं आणि लाईट गेली. कीबोर्ड मुका, ऑक्टोपॅड मुका. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, तोवर बाळू मंडपामागे गेला आणि भाताच्या मोठ्या पातेल्याच्या झाकणावर ठेका धरला! ताई बिनमाईकची गायला लागली. पंगतीतल्या बाया ताल धरू लागल्या.

तेवढ्यात आचारी झारा घेऊन पळत आला. म्हटलं, आता बाळूच्या पाठीत बसतोय!

"वाजीव की, लई भारी!" आचारी ओरडला. "पन झाकन सरकवू नको, भाताची वाफ चाललीय!"

*

आणि मग ताईचा आवाजच बसला. घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना एक शब्द बोलायचा नाही. अंगणवाडीतली पोरं खुणांवर शिकली.

पुढे आवाज आला, पण वरच्या सुरांना फाटायचा. ती सरावाला यायची, पहिल्या रांगेत बसायची आणि म्हणायची, "तुमचं चालू द्या." आठ महिने असेच गेले.

त्यात टॉकीजच्या मालकाने ठरवलं, महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी इथेच गाण्यांचा कार्यक्रम करायचा. पहिल्याच रविवारी खालच्या सगळ्या खुर्च्या भरल्या. ताई आम्हाला म्हणाली, "एकच गाणं म्हणते. फाटलं, तर परत माईक धरायची नाही."

तिने माईक घेतला. सायमनदादाने कीबोर्डवरचं एक बटण हळूच तीनदा दाबलं. ते दाबलं की वाजवणाऱ्याची बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात, सूर मात्र खाली उतरतात. बाळूने नि मी ते पाहिलं. दादाने नुसत्या डोळ्यांनी आम्हाला दटावलं.

ताई गायली. वरची ओळ आली. ओळ सरळ निघून गेली. लोक उभे राहिले, शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोअर! ताई बाजूला आली ती घामाने भिजलेली, हसत.

"आला की रे आवाज!"

"आला की," दादा खाली बघत म्हणाला.

लोक पांगले. बाळू केबली गुंडाळत होता. ताई पाण्याची बाटली घ्यायला कीबोर्डपाशी आली. दादा गडबडीने बटण बंद करायला वळला, पण उशीर झाला होता. छोट्या स्क्रीनवर आकडा तसाच होता: वजा तीन. ताईने चष्मा लावला, वाकून तो आकडा नीट वाचला. कुठे बघावं, आम्हाला कळेना.

ताईने बाटली उचलली, दोन घोट प्यायली.

"दादा," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात वजा दोनवर ठेव."