रुमालाखालचा भाव

अळणावरच्या बाजूला मथुराक्काचं घर विचारा, माणूस घर दाखवणार नाही, गोठा दाखवील. आणि गोठा आहेच तसा. चार म्हशी, तुळतुळीत अंगाच्या, शिंगांना तेल लावलेल्या. घरात माणसांनी शिळं खाल्लं तर चालेल, पण म्हशींपुढं शिळी वैरण पडली की मथुराक्का ज्याच्या त्याच्या नावानं शिमगा करते. नवरा गेला तेव्हा दावणीला एक म्हैस होती, तीही आटलेली. आज दोन कॅन दूध रोज पहाटे तिच्या दारातून निघतं. कुणी आयतं दिलेलं नाही हे. त्या बाईनं एकटीच्या मनगटावर उभं केलंय, आणि ते ती चारचौघांत सांगते, खाली मान घालून नव्हे.

पण एक गोष्ट तिच्या हातात नव्हती. म्हैस विकणं.

उन्हाळ्याच्या तोंडाला दरसाल एक म्हैस विकावीच लागायची, चौघींना पुरेल एवढी वैरण आणायची कुठून? विकायला न्यायचा तिचा दीर, बाबाजी. माणूस वाईट नव्हे हं. भाऊ गेल्यावर वहिनीच्या शेताकडं तोच बघायचा, आजारपणात तोच धावायचा. फक्त घरातला कर्ता म्हणून मिशीला पीळ जरा जास्त. धारवाडच्या जनावरांच्या बाजारातून संध्याकाळी यायचा, नोटांचं पुडकं तिच्या हातात ठेवायचा आणि पाय धुवायला पाणी मागायचा. "कितीला गेली, भावजी?" असं तिनं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाजारातलं बाजारात राहू दे, वैनी. घरात काढायचं नसतं."

कारण त्या बाजारात भाव तोंडानं बोलतच नाहीत. दलाल आपला रुमाल हातावर टाकतो, समोरच्याचा हात त्याखाली घेतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. शेजारी उभ्या असलेल्यालासुद्धा पत्ता लागत नाही. बापजाद्यांपासून हेच चालत आलेलं. आता परक्या पुरुषानं बाईचा हात रुमालाखाली धरायचा कसा? झालं! एवढ्या एका फडक्यानं सगळ्या बायका बाजाराबाहेर. शेण त्यांनी काढायचं, धार त्यांनी काढायची, रेडकू अडलं तर कोपरापर्यंत हात त्यांनी घालायचा, आणि म्हैस कितीला गेली हे विचारलं की 'बाजारातलं बाजारात'. वा रे न्याय!

गेल्या वर्षी कपिली विकली. बाबाजीनं पंचेचाळीस हजार आणून दिले. पुढं एका लग्नात, कपिली ज्या घरी गेली त्या घरची सून पंगतीला शेजारी बसली. म्हणाली, "म्हैस झकास आहे हो अक्का, पण पैसेही तुम्ही सणसणीत घेतलात." सणसणीत म्हणजे किती? विचारावं तर लाज. आपण वाढवलेल्या म्हशीची किंमत परक्या बाईला काय म्हणून विचारायची? त्या दिवशी ती न जेवताच उठली.

यंदा गंगीची पाळी आली. दुसऱ्या वेताची, भरल्या कासेची म्हैस. बाबाजी टेम्पो ठरवायला निघाला तशी मथुराक्का उंबऱ्यात उभी राहिली. "यंदा मी विकणार."

बाबाजी आधी हसला. मग म्हणाला, "आणि रुमालाखाली हात कुणाच्या हातात देणार?"

"हात कशाला? मला तोंड आहे की."

बाबाजीचं डोकं सणकलं. "बरं तर! दिवस मावळायच्या आत तुमच्या तोंडानं विकून दाखवा. विकलीत तर जन्मात तुमच्या दाव्याला हात लावणार नाही. नाही विकली, तर पुन्हा बाजाराचं नाव काढायचं नाही. बघा बाई!"

"बघितलं," ती म्हणाली आणि गंगीला टेम्पोत चढवायला गेली.

धारवाडच्या बाजारात ती पोचली तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. शेकड्यानं जनावरं, त्याच्या दुप्पट पुरुष, आणि बाई म्हणाल तर चहाच्या गाड्यावर कांदा चिरणारी एक. बरोबर आलेला बाबाजी मुद्दाम त्याच गाड्यावर जाऊन बसला, गंमत बघायला. मथुराक्कानं पदर खोचला आणि दावं मुठीत घट्ट धरलं.

उमेश नावाचा दलाल आला. बाजारातलं जुनं खोड. त्यानं गंगीच्या कासेवर नजर टाकली आणि खांद्यावरचा रुमाल काढत इकडंतिकडं बघितलं. "गंडसर कोण आलेत, अक्का? कुणी बाप्या माणूस?"

"म्हैस माझी आहे. माझ्याशी बोला. ऐंशी हजार."

आसपासची चार डोकी वळली. उमेशनं तर कानाला हात लावला. "अगं बाई, हळू! असं उघड बोलत नाहीत. कुणाचा तरी हात दे मला."

"माझा आहे तो दोरीला गुंतलाय," मथुराक्का म्हणाली. "कान मोकळे असतील तर ऐका. ऐंशी!"

मग काय, चेष्टाच सुरू झाली. कुणी म्हणालं, भाजी मंडई तिकडं आहे. कुणी म्हणालं, तराजू आणलास का? गिऱ्हाईकं यायची, गंगीचे दात बघायची, कास चाचपायची, आणि भाव मोठ्यानं ऐकला की चोरी पकडल्यासारखी सटकायची. दुपार झाली. जिभेला कोरड पडली. तिला रडू येत होतं, रागाचं. एवढी देखणी म्हैस आणि विकली जात नाही, का तर विकणारी बाई! तिनं गंगीला पाणी पाजलं, स्वतःही ओंजळभर प्याली आणि पुन्हा ओरडली, "ऐंशी!"

शेवटी रायापूरचा सिद्दप्पा आला. गोठ्यात वीसेक म्हशी बाळगणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं स्वतः बसून चार धारा काढून बघितल्या, गंगीच्या पाठीवर थाप मारली. "यम्मी छलो ऐती," म्हणाला, म्हैस चांगली आहे. मथुराक्काचा जीव भांड्यात पडतोय तोच उमेश त्याला हाताला धरून चहाच्या गाड्याकडं घेऊन गेला.

तिथं बाबाजी बसलेला. उमेशनं रुमाल टाकला आणि हात पुढं केला. आणि बाबाजी? पैज काय लावली होती, काय बोलला होता, सगळं विसरला! इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप रुमालाखाली गेला. बोटं दाबली गेली, मुंडी हलली. मग उमेशनं सिद्दप्पाचा हात धरला. व्यवहार ठरला. सिद्दप्पा येऊन गंगीचं दावं धरायला लागला, तर मथुराक्का सोडेना.

"कुणी विकली?"

"तुझ्या दिरानं."

"त्यांनी त्यांचा हात दिला असेल. म्हैस माझ्या हातात आहे. कितीला ठरली, तोंडानं सांगा."

उमेश मध्ये आला. "अक्का, बाजाराची रीत आहे ती..."

"चोरीची म्हैस आहे का ही?" मथुराक्काचा आवाज असा चढला की पलीकडच्या रांगेतले बैल बिथरले. "का रे, चोरीची आहे? नाही ना? मग बोलायला लाज कसली? सांगा!"

लोक जमले. सिद्दप्पाला घरी जायची घाई होती. "अरे, सांगतो की," तो म्हणाला. "बहात्तर हजार."

"काय?" हा आवाज बाबाजीचा होता. तो चहाचा कप तसाच टाकून उठला. "बहात्तर? मला तर सहासष्ट दाबलंस, उमेश!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. एकाला एक आकडा, दुसऱ्याला दुसरा, आणि मधले सहा हजार त्या रुमालात! बाबाजीच्या तोंडावरचा रंगच उडाला. इतकी वर्षं जो हात तो ऐटीत पुढं करत होता, त्या हाताला कुणीतरी आरामात बनवत होतं. "माझ्या बैलांचं किती दाबलं होतंस रे?" एक म्हातारा पुढं सरसावला. दुसऱ्यानं उमेशची गचांडी धरली. उमेशनं कशीबशी मोटारसायकल गाठली, रुमाल तिथंच पडला.

मथुराक्काला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. ती सिद्दप्पाकडं वळली. "ऐंशी."

"चौऱ्याहत्तर," सिद्दप्पा म्हणाला, आणि मोठ्यानं म्हणाला.

"अठ्ठ्याहत्तर. धारा तुम्ही स्वतः काढून बघितल्यात."

"शहात्तर. मुगीतु!" संपलं म्हणे.

"शहात्तर. दावं मात्र माझं मला परत."

गर्दीतून टाळ्या पडल्या. सिद्दप्पानं फोन काढला. "पैसे दिराच्या खात्यावर टाकू?"

"माझ्या," मथुराक्का म्हणाली आणि स्वतःचा नंबर एकेक आकडा करून सांगितला. तोही मोठ्यानं. पैसे आल्यावर तिनं गंगीच्या कपाळावर हात फिरवला, तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली होती ती.

परतीच्या बसमध्ये दोघं एका बाकावर बसली. कर्नाटकातल्या सरकारी बसला बायकांना तिकीट फुकट, बाबाजीनं आपलं काढलं. तो खिडकीबाहेर बघत होता. बस धारवाडच्या बाहेर पडली तशी मथुराक्कानं विचारलं, "भावजी, कपिली कितीला गेली होती?"

बाबाजी काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

"पन्नास," तो म्हणाला.

"इंजिनाचा आवाज आहे. मोठ्यानं."

"पन्नास हजार, वैनी! पंचेचाळीस तुम्हाला दिले, पाच मी ठेवले!"

सगळी बस वळून बघायला लागली. कंडक्टरचा हात मशीनवर थांबला. पुढच्या बाकावरच्या दोन बायका तर पार उलट्या फिरून बसल्या, काय होतंय बघायला. बाबाजीनं मान खाली घातली. मथुराक्कानं त्याच्याकडं नीट बघितलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"पाच हजार दिवाळीच्या आत द्यायचे," ती म्हणाली. "आणि उद्या पहाटे गोठ्यात यायचं. तीन म्हशींचं शेण आहे. एकदा काढून बघा, मग कळेल पन्नास हजार कशाचे होतात ते."

"येतो," बाबाजी म्हणाला.

"मोठ्यानं बोल रे, बाबा!" पुढच्या बाकावरची एक बाई ओरडली, आणि बाबाजी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "येतो, वैनी!"