ओल्या पायांसाठी जमीन

समजा, तुम्हाला घरात लादीवर घालायची जमीन निवडायची आहे. घर डोंबिवलीजवळच्या कोपरला, खाडीच्या अंगाला, तळमजल्यावर. आषाढात भिंतीवरचं कॅलेंडर सर्दावून वळतं, डब्यातले पापड मऊ पडतात आणि पंखा चालू असला तरी लादीला घाम फुटतो. दुकानातल्या टेबलावर व्हिनाइलच्या पट्ट्यांचे नमुने मांडलेत. सागवानी, अक्रोडी, राखाडी. दुकानदार म्हणतो, "बोला, कुठला रंग?" तुम्ही काय कराल? रंग बघाल, बोटाने जाडी चाचपाल.

कलावतीकाकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि नमुन्यावर ओतली.

"अहो काकू, काय करताय!" मानपाड्याच्या त्या दुकानाचा मालक पोपट फडकं शोधायला धावला.

"राहू दे रे. तुझ्या दुकानात कोरडंच असणार. माझ्या घरात नसतं." मग त्या मागे वळल्या. "अहो, चपला काढा. उभे राहा यावर."

हरिहरकाका भिंतीला धरून उभे होते. "जमीन विकत घेतेयस की मला विकतेयस?"

"तुम्हाला कोण घेणार? चला, उजवा पाय आधी."

काकांनी पाय ठेवला. गुळगुळीत सागवानी नमुन्यावर त्यांची टाच सरकली आणि चेहरा पांढरा पडला. काकूंनी दंड धरला होताच. "ही नको," म्हणाल्या. खरखरीत पोताच्या अक्रोडी पट्टीवर पाय टिकला. काकांनी दुसराही पाय ठेवला, आणि काकूंचा हात हळूच बाजूला केला.

"ही," काकू म्हणाल्या. रंगाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

मी त्यांच्यासोबत गेले होते, कारण माझं शिक्षण सिव्हिलचं आणि काकूंच्या मते मला "सिमेंटातलं कळतं". खरं नातं जुनं आहे. काकूंनी कितीतरी वर्षं घरात पाळणाघर चालवलं. आईबाबा ठाण्याला नोकरीला जायचे आणि मी दिवसभर त्याच मोझॅकच्या लादीवर रांगायचे. सावंतवाडीकडून लग्न होऊन आलेल्या काकूंना शहरात एकच गोष्ट आवडली नव्हती, असं त्या सांगतात: इथली जमीन गार नसते, ओली असते. पाळणाघरातल्या पोरांच्या दुपट्यांखाली त्या पावसाळाभर जुनी गोधडी घालायच्या. काका मानपाड्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. निवृत्त झाले, पाळणाघर बंद झालं, आणि गेल्याच्या गेल्या वर्षी पहिल्याच पावसात काका दाराजवळ घामेजलेल्या लादीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण भीती राहिली. काका भिंतीला धरूनच चालू लागले.

त्या वर्षी गणपती पुतण्याने घरात आणला.

हे समजून घेतल्याशिवाय दुकानातली बाटली समजत नाही. त्यांच्याकडे मूर्ती उंबऱ्यापर्यंत आली की घरातली बाई आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालते, डोळ्यांना पाणी लावते, भाकरतुकडा ओवाळून टाकते. मग तो माणूस ओल्या पायांनी, दोन्ही हातांत मूर्ती धरून, उंबऱ्यापासून मखरापर्यंत चालत जातो. त्या वेळी भिंतीला धरता येत नाही. पुतण्या मूर्ती घेऊन आत शिरला तेव्हा काका आतल्या खोलीत गेले आणि आरती सुरू होईपर्यंत बाहेर आले नाहीत. काकूंनी तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी मूर्ती यांच्याच हातात असणार.

त्या दिवशी दुकानात पोपटने दोन प्रकार दाखवले. एक, पट्ट्या एकमेकींत अडकवून नुसत्या पसरायच्या. दुसरा, प्रत्येक पट्टी खाली गोंदाने चिकटवायची. पहिल्या प्रकाराच्या तुकड्यावर काकूंनी टाच आपटली. पोकळ आवाज आला.

"खाली पोकळ वाटलं की यांचं पाऊल अडतं," त्या म्हणाल्या. "चिकटवायचीच दे."

मी मान हलवली. दमट हवेत लाकडाच्या भुशाचा गाभा असलेली फळी फुगते. व्हिनाइल फुगत नाही आणि चिकटवलेलं असेल तर हलतही नाही. "पण गोंदाला खालची जमीन कोरडी लागते," मी म्हटलं. "आधी बघू या."

काकूंच्या घरी आम्ही जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी उचलला तर आतून दवासारखे थेंब. काकूंनी थेंबावर बोट फिरवलं. "हा घाम वरचा नाही तर."

"नाही काकू. खालून येतोय. मातीतून."

"म्हणजे इतकी वर्षं मी पुसतेय ते काय?"

मी प्लास्टिकची घडी घातली आणि पोपटला फोन लावला.

पोपटने उपाय सांगितला: लादी घासून खरखरीत करायची, ओल अडवणारं इपॉक्सीचं अस्तर द्यायचं, त्यावर सिमेंटचा पातळ सपाट थर, तो पूर्ण वाळला की गोंद आणि पट्ट्या. "गणपतीच्या आधी होईल ना?" काकूंनी विचारलं.

"काकू, डोंबिवलीत सगळ्यांना गणपतीच्या आधीच पाहिजे असतं," पोपट हसला. "वर्षातला सगळ्यात ओला महिना, आणि तेव्हाच सगळ्यांना गोंद लावायचाय. करू, टेन्शन नका घेऊ."

अस्तर झालं. सपाट थर झाला. पाऊस मध्येच उघडला आणि थर वाळून फिका राखाडी दिसू लागला. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पट्ट्या लावायच्या ठरल्या. त्या सकाळी मी गेले तेव्हा पोपट दारातच गोंदाचा डबा घेऊन उभा होता आणि आत जात नव्हता.

सगळी जमीन गडद झाली होती. काकूंनी पहाटे उठून ती बादलीने धुतली होती.

"काकू, हे काय केलंत!" पोपट म्हणाला.

"काय म्हणजे? तुम्ही सगळे चपला घालून त्याच्यावर फिरलात. तशा जमिनीवर देव बसवू? धुतली, गोमूत्र शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. गावाला घर सारवायच्या आधी झाडतात, तसंच."

"अहो, हे सिमेंट पाणी पितं!"

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता, वाळण्याची काही आशा नव्हती.

पोपट मनाने वाईट नव्हता. "हरकत नाही," म्हणाला, "दोन मोठे पंखे लावतो, दिवे लावतो. वरून कोरडं दिसलं की संध्याकाळी लावून टाकू. रोलर फिरवला की बसेल."

"चिकटेल?"

"आज चिकटेल."

"आज," काकू म्हणाल्या. "आणि यांच्या हातात मूर्ती असेल त्या दिवशी?"

पोपटने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "पट्टीची कड उचलू शकते. सांगून ठेवतो."

घसरण्यापेक्षा ठेचकाळणं वाईट, हे काकूंना माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि फटकन म्हणाल्या, "उचल तुझा डबा. दिवाळीनंतर ये. माझ्याच हाताने घाण केली मी." मग स्वतःशीच पुटपुटल्या, "धुतली म्हणे."

आतून काका भिंतीला धरत बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उंबऱ्याजवळ थांबले, त्या ओल्या राखाडी सिमेंटवर पाय ठेवला आणि तळवा घासून पाहिला. पुन्हा घासला.

"कले," ते म्हणाले. "हे सरकत नाही गं."

"काय?"

"सरकत नाही म्हणतो. गावच्या अंगणासारखं लागतंय." त्यांनी भिंतीवरचा हात काढला. "एवढे नमुने भिजवलेस, हा भिजवून बघितलास का?"

काकू रडता रडता हसल्या.

पोपटने सांगितलं, थर चालण्याजोगा आहे, फक्त जड फर्निचर ओढू नका. चतुर्थीला घरात पॉलिश नाही, पट्ट्या नाहीत, काम अर्धवट सोडल्यासारखी राखाडी जमीन. येणारी पाहुणी मंडळी खाली बघतील याची काकूंना लाज वाटत होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मखराच्या बाजूला त्यांनी रांगोळी जरा जास्तच पसरली होती.

काका उंबऱ्यावर मूर्ती घेऊन उभे राहिले. काकूंनी तांब्यातलं पाणी पायांवर घातलं. नेहमीपेक्षा कमी घातलं असावं, कारण काका म्हणाले, "नीट घाल, कंजूषपणा करू नकोस." मग ते चालले. सावकाश, पण मधे न थांबता. त्यांच्यामागे राखाडी जमिनीवर ओल्या पावलांचे गडद ठसे उमटत गेले, आणि काकू "मोरया" म्हणायचं विसरून त्या ठशांकडेच बघत राहिल्या. संध्याकाळी त्या ठशांच्या पुसट खुणा अजून दिसत होत्या; जमीन पुसायला घेतलेलं फडकं त्यांनी तसंच परत ठेवलं.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा प्लास्टिक चिकटवलं. या वेळी थेंब नव्हते. पोपटने अक्रोडी पट्ट्या लावल्या, आणि चांगल्या लावल्या. काका आता घरभर मोकळ्या हातांनी फिरतात आणि टीव्हीचा रिमोट स्वतः उठून घेतात, याचा काकूंना थोडा रागही येतो. बादली त्यांनी कपाटामागे ठेवली आहे. फडकं घट्ट पिळून पुसतात, आणि पुसताना भिंतीलगतच्या कडेवरून अंगठा फिरवतात. एखादी उचलली का, रोज बघतात.

परवा गेले तेव्हा त्या दाराजवळ खाली बसल्या होत्या. कॅलेंडर पुन्हा वळायला लागलं आहे. भिंतीच्या तळाशी, पट्टीच्या जरा वर, रंग किंचित काळपट झाला होता. मी अस्तर, भिंत, बारीक छिद्रांतून ओल वर चढवणारं केशाकर्षण असं बरंच समजावलं. ऐकता ऐकता त्यांनी भिंतीच्या त्या काळपट रंगावर तळवा टेकवला.

"ते सगळं खरं असेल," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांग. खालची ओल काही संपली नाही, आपण तिला वर येऊ देत नाही एवढंच. मग या गणपतीला हे ओल्या पायांनी इथून आत येतील, तेव्हा ती कुठून वर येत असेल?"