डोळा सुरू असताना

पेणच्या संग्रहालयातल्या जुन्या गणेशमूर्ती पाहून मी मूर्तींच्या कारखान्यांच्या गल्लीत शिरलो. रोह्याहून खास एका ऑडिओ फेरीसाठी आलो होतो, बरोबर आणखी काही जण होते. इअरफोनवर एका लेखिकेची रेकॉर्ड केलेली कथा ऐकत चालायचं आणि कथा सांगेल तिथे थांबायचं. कथेने मला मूर्तींचे डोळे रंगवणाऱ्या एका बाईंसमोर उभं केलं.

कुंचल्याचं टोक तळव्यावर फिरवून त्या मूर्तीची हनुवटी हलकेच धरायच्या, श्वास रोखायच्या आणि एका दमात पापणीची रेघ ओढायच्या. मग श्वास सोडून आमच्याकडे बघायच्या, कुणी काही म्हणतंय का म्हणून. आम्ही सगळे कानात इअरफोन घालून गप्प उभे.

त्यांचे ओठ हलले, तसा मी इअरफोन काढला.

"माझंच सांगतायत काय हो कानात?"

"हो, तुमच्यासारख्याच एका बाईंची गोष्ट आहे."

"बरं हाय. आधी माणसं मलाच विचारायची. आता कोण बोलत नाय."

निदान नाव तरी विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी पुढच्या मूर्तीची हनुवटी धरली होती.

डोळा सुरू असताना बोलायचं नसतं, हे कथेनेच मला नुकतं सांगितलं होतं.