सासऱ्यांची बट आणि माझा ड्रायर

माझ्या सासऱ्यांना टक्कल आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते बोलून दाखवायचं नाही असा दंडक होता. डाव्या कानावरचे केस त्यांनी वर्षानुवर्षं वाढवले होते. ती लांब बट रोज सकाळी खोबरेल लावून डोक्यावरून उजव्या कानापर्यंत न्यायची आणि चापून बसवायची. पुण्यात ती दिवसभर जागची हलत नसे. बँकेतली सगळी नोकरी त्यांनी तिच्याच भरवशावर काढली.

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नागोयाला होतो. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. सासूबाई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सासरे आमच्याकडे राहायला आले आणि नागोयाने त्या बटेशी उभा दावा मांडला. खोबरेल बाटलीतच थिजायचं. स्वेटर डोक्यातून काढला की केस चटचट आवाज करत उभे राहायचे. त्यात इबुकी डोंगरावरून येणारा तिथला वारा म्हणजे नुसता द्वाड.

माझ्याकडे ब्रश लावलेला ड्रायर होता. तिथे त्याला कुरुकुरु ड्रायर म्हणत. केस ब्रशवर गुंडाळायचे, गरम वारा सोडायचा, की केस हवे तसे वळतात. ओले केस घेऊन कुणी बाहेर पडलं की वरच्या मजल्यावरच्या बाई तोंडावर हात ठेवायच्या, म्हणून मीही रोज सकाळी केस वाळवायला शिकले होते. सासरे दोन-चार दिवस नुसते बघत होते. मग एकदा त्यांनी मला सहज विचारलं, की आरशावरची वाफ घालवायला हे यंत्र बरं पडत असेल, नाही का. मी म्हटलं, फारच बरं पडतं. दुसऱ्या दिवसापासून आरशावरची वाफ घालवायला त्यांना अर्धी सकाळ लागायला लागली.

आता मला आवरून मुलीला शाळेत पाठवायचं असायचं, आणि सासऱ्यांना 'बाबा, बाहेर या' म्हणायची सोय नव्हती. पण जपानी घरात एक खटका असतो. हीटर चालू, ड्रायर चालू, आणि वर मायक्रोवेव्ह लावला की तो फटकन पडतो आणि सगळं घर अंधारात जातं. मी कपभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला लागले.

लाइट गेली की आपला माणूस काय करतो? खटका बघत नाही. शेजाऱ्यांची गेली आहे का ते बघतो. सासरे बाथरूममधून निघून, खांद्यावर पंचा टाकून थेट बाल्कनीत जायचे आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या न्याहाळून निकाल द्यायचे, "समोर आहे. आपलाच फेज गेलाय." तेवढ्यात मी झाडूच्या लांब दांड्याने भिंतीवरचा उंच खटका वर ढकलून बाथरूम काबीज केलेलं असायचं. ते बाल्कनीतूनच "आली!" म्हणायचे. जपानमध्येसुद्धा फेज जातो याचं त्यांना मोठं समाधान वाटतंय, असा माझा समज होता. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. इंजिनियर माणसाला हसण्यापेक्षा दुरुस्त करायची घाई असते.

बट मात्र ड्रायरने छान बसायला लागली. घरात.

एका दुपारी मुलीला शाळेतून घेऊन आम्ही तिघं रस्त्यावरच्या पादचारी पुलावरून येत होतो. पुलाच्या मधोमध वाऱ्याने बट उचलली. डब्याचं झाकण उघडावं तशी ती एका बाजूने सरळ उभी राहिली आणि सासरे दोन्ही हातांनी तिला खाली ओढायला लागले. समोरून मुलीच्या वर्गातल्या दोघी येत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण थांबून बघत राहिल्या. ते हसण्याहून वाईट होतं.

पुढच्याच आठवड्यात शाळेत पालकांचा दिवस होता. घरच्यांनी वर्गाच्या मागे उभं राहून मुलांचा तास बघायचा. सासरे त्यासाठी पुण्याहून सूट घेऊन आले होते. रोज एकदा तो हँगरवरून काढून, झटकून परत लावत. मुलगी पहिलीत होती. आम्ही मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. पुलावरून आलो त्या रात्री जेवताना ताटाकडे बघत ती आजोबांना म्हणाली, "कोनाकुते ई." म्हणजे, नाही आलात तरी चालेल. एवढं जपानी सासऱ्यांना कळत होतं. ते भात कालवत राहिले. मला तिला धपाटा घालावासा वाटला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही जमलं नाही.

पालकांच्या दिवशी सकाळी सासरे सूट घालून, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बाथरूममध्ये गेले. माझा केसांचा स्प्रेसुद्धा त्यांनी मागून घेतला. आज काही झालं तरी बट हलता कामा नये, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी त्यांच्यासाठी चहा करायला घेतला. मन शाळेत होतं. दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं आणि बटण दाबलं.

फटकन अंधार झाला. मी वाट बघितली, पण सासरे बाल्कनीत गेले नाहीत. आतून शांतपणे आवाज आला, "सूनबाई, खटका वर कर. आज गंमत नको."

मी दांडा शोधायला लागले तर तो हाताला लागेना. शेवटी खटका वर करून बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिले. मान वर होत नव्हती. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या मायक्रोवेव्हची घंटी कधी वाजतच नाही." मग आरशात बघत म्हणाले, "तुलाही केस वाळवायचे असतात. मागितलं असतंस तर मला उगाच लाजल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा बाल्कनी बरी."

आरशात त्यांचं डोकं भयंकर दिसत होतं. ब्रश अडकलेला असतानाच वारा बंद पडला होता. अर्धी बट स्प्रेने कडक होऊन शिंगासारखी वर, उरलेली ओली होऊन कानावर. निघायची वेळ झाली होती. मी हसू दाबत होते आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. त्यांनी स्वतःकडे नीट, बराच वेळ पाहून घेतलं आणि म्हणाले, "काप."

मी शिवणाची कात्री आणली. लग्न झाल्यापासून त्यांच्या पायांना कितीदा हात लावला होता, डोक्याला कधीच नाही. डोकं गरम होतं आणि तान्ह्या बाळासारखं मऊ होतं. कापलेली बट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तिथे कचरा निवडून टाकावा लागतो म्हणून, हा जळाऊ कचरा ना, एवढं विचारून घेतलं.

शाळेत पाहुण्यांना देतात त्या सपाता त्यांना लहान होत्या. अर्ध्या टाचा बाहेर ठेवून ते वर्गाच्या मागे ताठ उभे राहिले. पोरं वळून वळून बघत होती. आमच्या मुलीने वळून पाहिलं, पुढे बघितलं, पुन्हा पाहिलं. शेजारच्या मुलीने तिला काहीतरी विचारलं. आमची कन्या सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उचि नो ओजीचान." आमचे आजोबा.

घरी येताना पुलावर इबुकीचा वारा होताच. त्याला धरायला काही मिळालं नाही. मुलीने आजोबांना खाली वाकायला लावून डोक्यावरून हात फिरवला आणि मराठीत म्हणाली, "गुळगुळीत." सासरे पुलाच्या टोकापर्यंत तसेच वाकून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूम मला एकटीला मिळालं. मी ऐटीत ड्रायर लावला, केस ब्रशवर गुंडाळले, आणि फटकन अंधार झाला. स्वयंपाकघरातून बाल्कनीकडे जाणाऱ्या चपलांचा आवाज आला. मग सासऱ्यांचा.

"समोर आहे, सूनबाई. आपलाच फेज गेलाय."