पेटियाँ खाली रखो

युद्धाच्या हिवाळ्यात गोहलपुरच्या वर्कशॉपमधून रामदीनला काढलं. तिथे मिस्त्री असलेल्या माझ्या बाबांनी त्याला सांगितलं होतं, "पेटियाँ खाली रखो." हिंदीत खाली म्हणजे रिकामं. त्याने पेट्यांमधले तपासून ठेवलेले पुर्जे जमिनीवर ओतले.

आज नात म्हणाली, "डब्बा खाली है," आणि मला युद्धानंतरच्या वर्षीचं एक जेवण आठवलं. पिठाचा डबा घेऊन आलेल्या हिंदीभाषी शेजारणीला आईने म्हटलं, "दीदी, डब्बा खाली रखो." तिने पीठ परातीत ओतलं. आई हसली. बाबांचा घास हातातच राहिला.

"अरे देवा! रामदीननं तं माझंच ऐकलं होतं."

ते तसेच मालकाकडे गेले. "सेठजी, आप भी क्या करते? मैंने ही गलत बोला था."

"अच्छा, ले आओ उसे."

बाबांनी रामदीनच्या गल्लीतलं दार न् दार ठोठावलं; तो कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या खोलीत दुसरं कुटुंब राहत होतं.