पहिले दोनशे किलोमीटर

त्या वर्षी मी देवापुढे दिवा लावणं सोडून दिलं होतं. लिहिताना आजही लाज वाटते, पण लपवून हा अनुभव सांगता येणार नाही. आमच्या घरी दत्ताची उपासना. लग्न होऊन शारजाला आले तेव्हा आईने दिलेली तसबीर अल नहदामधल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या एका खणात मांडली होती, आणि बारा वर्षं एकही गुरुवार चुकला नव्हता. मग दुबईत मंदी आली. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन हलायच्या थांबल्या. शेजारची दोन कुटुंबं मुलांच्या परीक्षा होण्याआधीच सामान बांधून गेली. मी पोथीची पारायणं केली, नोकरी टिकू दे म्हणून विनवण्या केल्या, आणि दिवसेंदिवस नवऱ्याचा चेहरा विझत चाललेला पाहिला. एका गुरुवारी मी खण उघडलाच नाही. पुढच्या गुरुवारीही नाही.

माझा नवरा मिलिंद एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर होता. कंपनीची गाडी काढून घेतली तेव्हा त्याने आपली दीडशे सीसीची जुनी मोटरसायकल ऑफिसला न्यायला सुरुवात केली. ती त्याने हौसेने घेतली होती, शुक्रवारी पहाटे मसाफीच्या डोंगरांकडे चक्कर मारायला. आता रोज त्याच मोटरसायकलवरून दुबईला जायचं आणि यायचं. हायवेवर त्याच्या आजूबाजूला बहुतेक डिलिव्हरीवाले. ओळखीतले लोक सिग्नलला काच खाली करून विचारायचे, "अरे, कार कुठाय?" तो हसून काहीतरी सांगायचा. घरी आला की मात्र बोलत नसे. जेवत नसे म्हटलं तरी चालेल. नऊ वर्षांची आमची ईरा त्याच्या गळ्यात पडून म्हणायची, "बाबा, टॉक टू मी ना!" तो तिचे केस कुरवाळायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा.

एका बुधवारी संध्याकाळी त्याने मला टेबलापाशी बसवलं आणि एक फाइल उघडली. पासपोर्ट कुठे आहेत, विम्याचे कागद कुठे, पुण्यातल्या भावाला कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे सगळं तो शांतपणे, एखाद्या क्लाएंटला समजवावं तसं सांगत होता. "तुला माहीत असलेलं बरं," एवढंच म्हणाला. शेवटी सहज बोलल्यासारखं म्हणाला, "परवा शुक्रवारी एकटाच डोंगराकडे जाऊन येतो." काय विचारायचं ते कळत होतं, पण मी फाइल मिटून कपाटात ठेवली. एकदा विचारलं की ते खरं होईल, अशी भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईराला शाळेच्या बसमध्ये बसवून परतताना बिल्डिंगच्या वॉचमनने मला थांबवलं. "मॅडम, साहब की बाइक का पीछे का टायर देखा? एकदम खलास है." मी पार्किंगमध्ये जाऊन वाकून पाहिलं. मधली नक्षी घासून टायर पाटासारखा सपाट झाला होता. उन्हाने दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या, कोरड्या जमिनीला पडतात तशा. हा टायर घेऊन हा माणूस उद्या घाटात जाणार होता. तो स्वतः इंजिनीअर. हे त्याला दिसलं नसेल कसं?

गुरुवारी त्याला अर्धाच दिवस असायचा. तो दुपारी आल्यावर मी म्हटलं, "टायर बदलल्याशिवाय तू उद्या जायचं नाहीस." तो म्हणाला, "काय गरज आहे? चालेल तोवर चालेल." मी ओरडले नाही, रडलेही नाही. ईराला शेजारच्या बाईंकडे सोडलं, हेल्मेट घातलं आणि मोटरसायकलवर मागे जाऊन बसले. मी उतरत नाही म्हटल्यावर त्याने किक मारली.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजांच्या रांगेत एका पठाणाचं टायरचं छोटं दुकान होतं. मेंदी लावलेली दाढी, हाताला काळं ग्रीस, साठीच्या पुढचं वय. सगळे त्याला खानचाचा म्हणत होते. मिलिंदने टायरकडे बोट दाखवून सांगितलं, "सबसे सस्ता जो है, डाल दो. सिर्फ पीछे का."

खानचाचाने दोन्ही टायरवरून तळवा फिरवला. पुढचा टायरही कडक झाला होता. "ये भी गया," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कहाँ चलाते हो?"

"दुबई. ऑफिस. जुम्मे को पहाड़."

"और कितने दिन चलाना है?"

प्रश्न साधाच होता. मऊ रबराचा टायर वळणावर चांगला धरतो पण लवकर झिजतो, कडक रबराचा पुष्कळ टिकतो पण घाटात तितका भरवशाचा नाही. म्हणून गिऱ्हाइकाला तो हे विचारत असणार. पण मिलिंदला उत्तर देता येईना. खानचाचाने वाट पाहिली, मग तेच पुन्हा विचारलं. मिलिंद तिथल्याच एका उलट्या रिमवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बारा वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मग तो बोलू लागला. मला सांगितलं नव्हतं ते, एका अनोळखी माणसाला, मोडक्या हिंदीत. कंपनीतून कोणाला काढायचं याची यादी त्याला करायला लावली होती. एक्केचाळीस नावं. त्यात त्याचा साइटवरचा मित्र होता, ज्याच्या मुलीच्या बारशाला आम्ही गेलो होतो. "मैंने अपने हाथ से टाइप किया, चाचा."

खानचाचाने त्याची समजूत घातली नाही की उपदेश केला नाही. त्याला प्यायला पाणी दिलं. समोरच्या मशिदीत असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली, तेव्हा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात सतरंजी अंथरून तो उभा राहिला. आम्ही दोघं रबराच्या वासात नुसते बसून होतो. त्या शांततेत माझ्या लक्षात आलं की आज गुरुवार आहे. नकळत, मनातल्या मनात, माझं नामस्मरण सुरू झालं. मागणं काहीच नव्हतं, मागायलाही सुचत नव्हतं.

खानचाचा परत आला आणि पुन्हा तेच म्हणाला, "हाँ भाईसाहब. कितने दिन?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. "दो साल," तो म्हणाला. "दो साल तो चलाना है. बेटी को पहाड़ दिखाना है."

"तो ये देखो." त्याने वरून एक चकचकीत टायर काढला, तो कधी बनला ते सांगणारे कडेवरचे चार आकडे बोटाने दाखवले आणि बाजूला टाकला. "ये सस्ता है, लेकिन पाँच साल पहले बना. दुकान में ही बूढ़ा हो गया. तुमको नहीं देगा." मग त्याने मधल्या जातीची, त्याच वर्षी बनलेली जोडी निवडली, पुढची आणि मागची, आणि ट्यूबही नव्या. टायर चढवताना मिलिंद उठून त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि चाक धरू लागला. हवा किती ठेवायची, मी मागे बसल्यावर किती, हे विचारू लागला. कित्येक दिवसांनी त्याने कशाबद्दल तरी काही विचारलं होतं.

निघताना खानचाचाने बजावलं, "नया रबर फिसलता है. पहले दो सौ किलोमीटर आराम से, सिटी में. कल पहाड़ नहीं जाना. समझा?" मिलिंद म्हणाला, "समझा." आणि तो सूचना पाळणारा माणूस आहे.

शुक्रवारी सकाळी तो घरी होता. चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आज मी परत येणार होतो की नाही, माझं मलाच माहीत नव्हतं." मी गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही काहीही लपवलं नाही. रविवारी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. औषधं सुरू झाली. बरं वाटायला महिने लागले, आणि मध्येच पुष्कळदा वाटलं की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतंय.

त्याची नोकरी वाचली नाही. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणीतरी केलेल्या यादीत त्याचं नाव आलं. मोटरसायकल विकून आम्ही पुण्याला परतलो. डोंगर तेवढे ईराला त्याआधी दाखवून झाले होते, थंडीतल्या एका शुक्रवारी, मागे बसवून.

निघण्याच्या आधी मी शिऱ्याचा डबा घेऊन खानचाचाकडे गेले. त्याने मला ओळखलं नाही. मी आठवण करून द्यायचा प्रयत्न केला, तो संकोचून हसला. "बहन, वो तो मैं सबको पूछता हूँ. पूछे बिना टायर कैसे दूँ?" आमच्या संप्रदायात म्हणतात की दत्तमहाराज कोणत्या वेषात येतील सांगता येत नाही. तो आपलं रोजचं काम करत होता. त्याला वाकून नमस्कार केला, तेव्हा तो घाबरून मागे सरकला.

या सगळ्याला चमत्कार म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. मिलिंदचे काही दिवस अजूनही जड जातात. सकाळी तो खिडकीपाशी गप्प बसला की मला ती फाइल आठवते. पण त्या मंदीत मी देवाकडे जे जे मागितलं त्यातलं एकही मिळालं नाही, आणि जे मिळालं ते मागायचं मला सुचलंच नव्हतं. तेव्हापासून माझं मागणं संपलं. तो गप्प असला की मी त्याच्याशेजारी जाऊन बसते. काही वेळाने तो म्हणतो, "भूक लागलीये." मी मनातल्या मनात महाराजांना हात जोडते आणि पानं घ्यायला उठते.